निर्णय कामाचा, पण समोर माणूस



आपल्या परिवारातील अनेक जण नोकरी-व्यवसायात जबाबदारीच्या जागेवर आहेत. कोणी कारखान्यात पर्यवेक्षक आहेत, कोणी बँकेच्या शाखेचे व्यवस्थापक, कोणी शाळेच्या मुख्याध्यापिका, तर कोणी दहा-वीस माणसांचा स्वतःचा उद्योग चालवतात. सकाळची उपासना आटोपून ही मंडळी कामावर जातात आणि दिवसभर निर्णय घेत असतात. कोणाला कामावर घ्यायचे, कोणाला बढती द्यायची, कोणाला समज द्यायची, कोणाची बदली करायची आणि कधी कधी कोणाला कामावरून कमी करायचे. मग संध्याकाळी ध्यानाला बसले की इष्टदेवतेच्या रूपाऐवजी, दुपारी मान खाली घालून केबिनमधून बाहेर पडलेल्या माणसाचा चेहरा समोर येतो.

आजचा पाठ त्या चेहऱ्याविषयी आहे. संस्थेतील निर्णय कसे घ्यावेत, माणसांची निवड, नेमणूक आणि मूल्यमापन कसे करावे, आणि हे सारे करताना आपली साधना कुठे उपयोगी पडते, याचा आपण विचार करू.

एक प्रसंग मनात धरू

समजा, तुम्ही एका मध्यम आकाराच्या कारखान्यात विभागप्रमुख आहात. तुमच्या स्टोअरमध्ये बावीस वर्षे काम करणारे एक काका आहेत. कोणता सुटा भाग कोणत्या रॅकवर आहे, कोणता पुरवठादार पावसाळ्यात माल उशिरा पाठवतो, कोणाच्या मालाचे वजन पुन्हा करून घ्यावे लागते, हे सगळे त्यांना तोंडपाठ आहे. आता साठ्याची सगळी नोंद संगणकावर आली आणि काकांना ते जमत नाही. नोंदी चुकतात. माल रॅकवर असतो आणि संगणक ‘शिल्लक नाही’ असे दाखवतो. त्यामुळे दोनदा उत्पादन थांबले. वरिष्ठ म्हणतात, “महिनाअखेर काय तो निर्णय घ्या.” काकांच्या निवृत्तीला सहा वर्षे आहेत आणि धाकटा मुलगा अजून शिकतो आहे.

तुम्ही काय कराल? उत्तर लगेच देऊ नका. हा प्रसंग मनात ठेवूनच पुढचा पाठ वाचा.

व्यवस्थापन म्हणजे काय?

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्था, मार्गदर्शन आणि नियंत्रण अशी कार्ये सांगितलेली असतात. या प्रत्येकाच्या पोटात एकच गोष्ट आहे, ती म्हणजे निर्णय. हर्बर्ट सायमन या अमेरिकन अभ्यासकाने १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात प्रशासनाचा विचार निर्णयप्रक्रियेच्या अंगाने मांडला. पुढे १९७८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या सांगण्याचा गाभा साधकाला सहज पटावा असा आहे. माणसाची माहिती अपुरी असते, वेळ थोडा असतो आणि बुद्धीलाही मर्यादा असते. त्यामुळे तो सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही. जो पर्याय पुरेसा बरा वाटतो, तिथे तो थांबतो.

आपली बुद्धी अपुरी आहे हे मान्य करणे ही नम्रता आहे, आणि निर्णयाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. ‘मला माणूस पाहताक्षणी कळतो’ असे म्हणणारा अधिकारी सर्वाधिक चुका करतो, कारण आपले चुकू शकते ही शक्यताच त्याने दाराबाहेर ठेवलेली असते.

मनुष्यबळ विभागाची कामे

मनुष्यबळ विभाग म्हटले की हजेरी, पगार आणि रजेचे अर्ज डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात माणूस संस्थेत येण्याआधीपासून तो संस्थेतून जाईपर्यंतची सारी वाटचाल या विभागाच्या कक्षेत येते.

१. किती माणसे आणि कोणत्या कौशल्याची लागतील, याचे नियोजन.
२. भरती आणि निवड.
३. नव्या माणसाला कामाची आणि सहकाऱ्यांची ओळख करून देणे.
४. प्रशिक्षण.
५. योग्य माणसाला योग्य काम देणे.
६. कामाचे मूल्यमापन.
७. वेतन, सुविधा, सुरक्षितता आणि आरोग्य.
८. तक्रारींचे निवारण आणि शिस्त.
९. बढती, बदली, निवृत्ती आणि निरोप.

काकांच्या बाबतीत आपल्यासमोर थेट नववे काम येऊन उभे राहिले आहे. परंतु त्याआधीचे चौथे, पाचवे आणि सहावे काम झाले होते का? बहुतेक कठीण निर्णय कठीण होतात, ते आधीची सोपी कामे राहून गेल्यामुळे. या तिन्हींचा विचार क्रमाने करू, आणि त्यासाठी आपल्या घराघरात वाचल्या जाणाऱ्या रामायणापासून सुरुवात करू.

समुद्रकिनाऱ्यावरील सभा : कोणाला कोणते काम

वाल्मीकी रामायणातील किष्किंधाकांडाच्या शेवटचा प्रसंग आठवा. सीतामाईच्या शोधात निघालेले वानर दक्षिण समुद्राच्या तीरावर येऊन थांबले आहेत. पलीकडे लंका, मध्ये शंभर योजने समुद्र. अंगद विचारतो की हे अंतर कोण ओलांडू शकेल? मग एकेक वीर आपापली शक्ती सांगतो. कोणी दहा योजने म्हणतो, कोणी वीस, कोणी पन्नास.

जांबवंतांची पाळी येते. ते सर्वांत वयोवृद्ध. तारुण्यात आपण केलेल्या पराक्रमाची ते आठवण करतात आणि लगेच सांगतात की आता वय झाले, नव्वद योजनांच्या पुढे जाणे होणार नाही. किती सरळ कबुली! युवराज अंगद म्हणतो, मी शंभर योजने जाईन, पण परत येण्याची खात्री देता येत नाही. त्यावर जांबवंत त्याला अडवतात. जो सर्वांचा नायक आहे, त्याला असे पाठवायचे नसते, त्याचे रक्षण करायचे असते. आणि मग एका बाजूला गप्प बसलेल्या हनुमंतांकडे वळून ते त्यांना त्यांच्या सामर्थ्याची आठवण करून देतात.

या एका सभेत मनुष्यबळाचे केवढे शास्त्र भरले आहे ते पाहा. प्रत्येकाला स्वतःची क्षमता स्वतः सांगण्याची संधी मिळाली. कमी सांगणाऱ्याला कोणी हसले नाही. म्हणूनच खरे आकडे पुढे आले. जिथे ‘जमत नाही’ म्हटल्यावर अपमान होतो, तिथे माणसे नव्वदचे शंभर करून सांगतात आणि अर्ध्या समुद्रात बुडतात. शिवाय उत्साह आणि योग्यता यांत फरक केला गेला. अंगद तयार होता, तरी त्याची जागा वेगळी होती. आणि सर्वांत समर्थ असलेला स्वतःहून बोलला नव्हता. तो ओळखावा लागला.

तो ओळखला कोणी? ज्याला उडी मारता येत नव्हती त्याने. जांबवंतांची उडी दहा योजनांनी कमी पडत होती, पण त्यांच्यावाचून हनुमंत उठले नसते.

आता आपल्या स्टोअरमधील काकांकडे पुन्हा पाहा. संगणकाचा समुद्र ओलांडणे त्यांना कठीण जात आहे. परंतु माल, पुरवठादार आणि हंगाम यांविषयी बावीस वर्षांचे जे शहाणपण त्यांच्याजवळ आहे, ते कोणत्या संगणकात नोंदवले गेले आहे? काकांनी कदाचित ‘मला हे जमत नाही’ हे कोणालाच सांगितले नसेल. तसे सांगता येईल असे वातावरण तुमच्या विभागात आहे का?

चुकीची पाच कारणे

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंत कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगतात : अधिष्ठान, कर्ता, करण, विविध चेष्टा आणि दैव. म्हणजे कर्माचे स्थान, ते करणारा, त्याची साधने, त्याच्या नानाविध क्रिया आणि आपल्या हातात नसलेले असे पाचवे काही. असे असताना जो केवळ कर्त्यालाच सर्व काही मानतो, त्याला नीट दिसत नाही, असेही भगवंत तिथे म्हणतात.

आपण हा उपदेश सहसा स्वतःच्या अहंकारासाठी वापरतो. यश आले तर ‘मी केले’ म्हणू नये, एवढाच त्याचा अर्थ घेतो. तोच उपदेश दुसऱ्याच्या अपयशाला लावून पाहा. वार्षिक मूल्यमापनाच्या तक्त्यात आपण केवळ कर्त्याला गुण देतो. बाकीची चार कारणे कोऱ्या रकान्यासारखी राहून जातात.

काकांच्या चुकीची पाच कारणे तपासू. अधिष्ठान : संगणक कुठे ठेवला आहे? माल उतरवून घेण्याच्या दारापासून तो दूर असेल, तर नोंद आधी कागदावर आणि मग तासाभराने संगणकावर होत असेल. कर्ता : काकांना शिकवले कोणी, किती दिवस आणि कोणत्या भाषेत? दोन तासांचे इंग्रजी सादरीकरण दाखवून हजेरीपटावर सही घेणे याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही. करण : पडद्यावरची अक्षरे त्यांना स्पष्ट दिसतात का? चष्म्याचा नंबर बदलला असेल आणि संकोचाने ते बोलले नसतील. चेष्टा : ट्रक दारात उभा, तीन विभागांची माणसे माल मागत आहेत आणि त्याच गोंधळात नोंद करायची, अशी कामाची पद्धत असेल तर तरुण माणसाचीही चूक होईल. दैव : ज्या दिवशी उत्पादन थांबले, त्या दिवशी वीज गेली होती का?

ही तपासणी करायला एक दुपार पुरते. एका कुटुंबाच्या सहा वर्षांच्या उत्पन्नाचा निर्णय घेण्याआधी एक दुपार देणे जास्त आहे का?

कदाचित तपासणीनंतर दिसेल की चार कारणे ठीक आहेत आणि उणीव खरोखर कर्त्यातच आहे. तरीही ही दुपार वाया गेली असे होत नाही. आता तुमच्या निर्णयाला आधार आहे, आणि काकांच्या डोळ्यांत पाहून बोलता येईल असे तुमच्याजवळ काही आहे.

विभीषण दारात उभा असताना : सल्ला कसा घ्यावा

युद्धकांडात याहूनही अवघड निर्णय आहे. रावणाचा सख्खा भाऊ विभीषण चार साथीदारांसह येतो आणि आश्रय मागतो. शत्रूच्या घरातील माणसाला आपल्यात घ्यायचे का? निवडीचा यापेक्षा जोखमीचा प्रश्न असेल का?

प्रभू श्रीराम स्वतः समर्थ असूनही प्रथम सर्वांना विचारतात. सुग्रीवाचे मत ठाम आहे की हा हेर आहे. अंगद म्हणतो, गुणदोष पारखून ठरवा. शरभ सुचवतो, गुप्तचर पाठवून माहिती काढा. जांबवंतांना त्याच्या येण्याची वेळ आणि जागा संशयास्पद वाटते. मैंद म्हणतो, गोड शब्दांत प्रश्न विचारून त्याचे मन जाणून घ्या. आजच्या भाषेत सांगायचे तर पूर्वचौकशी, मुलाखत, गुणदोषांची तुलना असे निवडीचे सगळे मार्ग त्या सभेत मांडले गेले.

शेवटी हनुमंत बोलतात. जो अचानक आला आहे त्याच्यामागे हेर पाठवून काय कळणार? प्रश्नांची सरबत्ती केली तर सच्चा माणूसही बिथरेल. याच्या बोलण्यात आणि चेहऱ्यावर कपट दिसत नाही. वालीचा अंत आणि सुग्रीवाचा राज्याभिषेक याला ठाऊक आहे, म्हणून हा योग्य वेळी योग्य ठिकाणी आला आहे. माणूस पाहणे, त्याचा हेतू समजून घेणे आणि परिस्थितीशी तो हेतू ताडून पाहणे, हे तिन्ही त्यांनी केले.

त्यानंतर श्रीराम आपला निर्णय सांगतात. मित्रभावाने आलेल्याला मी टाकणार नाही, त्याच्यात दोष असला तरीही. सुग्रीव पुन्हा विरोध करतो, की जो संकटात भावाला सोडून आला, तो उद्या कोणाला सोडणार नाही? श्रीराम रागावत नाहीत. पुन्हा कारण देतात. शरण आलेल्याला अभय देणे हे आपले व्रत आहे, प्रत्यक्ष रावण आला तरी हेच, असे सांगतात. आणि विभीषणाला घेऊन येण्याचे काम कोणाला देतात? सुग्रीवालाच.

यातून सल्ल्याचे चार नियम मिळतात.

पहिला, प्रमुखाने आपले मत शेवटी सांगावे. ते आधी सांगितले की बाकीची मते त्याच्या मागे चालू लागतात. दुसरा, विरोधी मत दोनदा ऐकण्याची तयारी ठेवावी. तिसरा, निर्णय तत्त्वावर उभा करावा. विभीषणाने पुढे रावणाचे हेर ओळखून दिले आणि इंद्रजिताच्या वधात मोलाचे साहाय्य केले. पण निर्णय झाला तेव्हा हे कोणाला माहीत नव्हते. फळ चांगले आले म्हणून तो निर्णय योग्य ठरला असे नाही. तो घेतानाच योग्य होता. चौथा, निर्णयानंतर विरोध करणाऱ्याला बाजूला टाकू नये, त्याला कामात सामील करून घ्यावे. या प्रसंगात विभीषणाला आपल्या बरोबरीचा आणि मित्र मानावे, असे शेवटी सुग्रीवच म्हणतो.

कौटिल्यानेही अर्थशास्त्रात राजाला तीन-चार मंत्र्यांशी विचारविनिमय करण्यास सांगितले आहे. एकालाच विचारले तर अवघड प्रश्नात निश्चय होत नाही. दोघे एक झाले तर राजालाच वेढून टाकतात आणि भांडले तर काम बिघडवतात. मंत्रणेची पाच अंगे तो सांगतो : काम सुरू करण्याचा उपाय, माणसे आणि साधनसामग्री, स्थळ आणि काळ यांचा विचार, संकट आल्यास त्यावर तोड आणि कार्याची सिद्धी. तुमच्या पुढच्या बैठकीत ही पाच शीर्षके कागदावर लिहून पाहा. बहुतेक बैठकांत पहिल्यावर तासभर चर्चा होते आणि चौथ्याला कोणी हातही लावत नाही. शिवाय फार काळ मंत्रणा करत राहू नये, असेही कौटिल्य बजावतो.

निर्णय घेणाऱ्याचे मन

आतापर्यंत पद्धत पाहिली. पण उत्तम पद्धतही मलिन मनाच्या हाती पडली तर ती केवळ सोयीचे कागद तयार करते. इथे साधनेचे काम सुरू होते.

गीतेतील सात्त्विक कर्ता आसक्ती आणि अहंकार यांपासून मोकळा, धीर आणि उत्साह असलेला, यशापयशात न डगमगणारा असतो. राजस कर्ता फळासाठी हपापलेला, हर्ष-शोकात बुडालेला असतो. तामस कर्त्याच्या लक्षणांत एक शब्द आहे, दीर्घसूत्री. म्हणजे आजचे काम उद्यावर, उद्याचे परवावर ढकलणारा. आपल्यापैकी अनेक भले लोक इथे सापडतात. कोणाला दुखवायला नको म्हणून ते निर्णयच घेत नाहीत आणि त्या टाळण्याला दया म्हणतात. काकांना न जमणाऱ्या जागेवर तसेच बसवून ठेवणे ही दया नाही. रोज त्यांची चूक होते, रोज कोणीतरी त्यांच्यावर ओरडते, आणि बावीस वर्षांची प्रतिष्ठा थोडी थोडी झिजत जाते.

म्हणून माणसाविषयी कोणताही मोठा निर्णय घेण्याआधी दहा मिनिटे शांत बसा. दीर्घ श्वास घ्या, मन स्थिर झाले की स्वतःला तीन प्रश्न विचारा.

मला कशाची भीती वाटते आहे? वरिष्ठांची नाराजी, की ‘हा कठोर नाही’ असा शेरा?

मला यातून काय मिळणार आहे? त्या जागी माझ्या ओळखीचा कोणी यावा, असे कुठे खोलवर वाटते का?

या माणसावर माझा जुना राग आहे का? एखाद्या बैठकीत त्याने सर्वांसमोर माझे म्हणणे खोडून काढले होते का?

उत्तरे कोणाला दाखवायची नाहीत, म्हणून ती खरी द्या. भीती, लोभ किंवा राग सापडला तर घाबरू नका. तो सापडला म्हणजे आता तो लपून निर्णय घेणार नाही. त्या दिवशी सही करू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा. मात्र तिसऱ्या दिवसापर्यंत निर्णय घ्या, नाहीतर दीर्घसूत्रीपणा मागच्या दाराने आत येईल.

आणखी एक सावधगिरी. आपला निर्णय देवाच्या किंवा प्रारब्धाच्या नावावर खपवू नका. ‘त्यांच्या नशिबात असेल तसे होईल’ हे वाक्य ज्याच्या हातात अधिकार आहे त्याच्या तोंडी शोभत नाही. दैव हे पाचवे कारण आहे. उरलेल्या चारांपैकी बरेच काही आपल्या हातात असते.

कायद्याच्या आधी केलेले

कोणी म्हणेल, हे सारे व्यक्तीपुरते झाले, उद्योग हिशेबावर चालतो. त्यांनी जमशेदपूरकडे पाहावे. जमशेटजी टाटांनी पोलाद कारखान्याची जागा निश्चित होण्याच्या आधीच, १९०२ मध्ये, आपल्या मुलाला पत्र लिहून कामगारांच्या गावात रुंद रस्ते, सावली देणारी झाडे, बागा, खेळाची मैदाने आणि वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळांसाठी जागा ठेवण्यास सांगितले होते. ते १९०४ मध्ये निवर्तले. पुढे त्या कारखान्यात १९१२ मध्ये आठ तासांचा कामाचा दिवस सुरू झाला. १९२० मध्ये भरपगारी रजा आणि भविष्य निर्वाह निधी आला, १९२८ मध्ये प्रसूती लाभ आणि १९३७ मध्ये निवृत्तीच्या वेळची ग्रॅच्युइटी. भविष्य निर्वाह निधीचा देशव्यापी कायदा १९५२ मध्ये झाला, प्रसूती लाभाचा केंद्रीय कायदा १९६१ मध्ये आणि ग्रॅच्युइटीचा १९७२ मध्ये.

म्हणजे कायद्याने सांगण्याच्या कितीतरी वर्षे आधी कोणीतरी बैठकीत बसून हे निर्णय घेतले. कायदा ही किमान पातळी आहे. तिच्यावर किती उभे राहायचे हे अधिकाराच्या जागेवरील माणूस ठरवतो. तुमच्या हातात पोलादाचा कारखाना नसेल. पण तुमच्या विभागातील पाच माणसांच्या जेवणाची जागा, पिण्याचे पाणी, आजारपणातील रजा आणि शिकण्याची संधी, यांविषयीचे काही निर्णय तुमच्याच हातात असतील.

काकांचे काय करायचे?

आता आपल्या प्रसंगाकडे परत येऊ. एक मार्ग असा असू शकतो. प्रथम काकांना बोलावून, दार बंद करून, खरी परिस्थिती सांगा. चुका किती झाल्या, उत्पादन केव्हा थांबले, वरिष्ठ काय म्हणाले, सगळे. माणसाच्या पाठीमागे त्याच्या भवितव्याची चर्चा करून, त्याला शेवटी पत्र देणे हा अन्याय आहे. मग त्यांना विचारा, “काका, तुम्हाला काय वाटते? काय केले तर जमेल?” आणि उत्तर मिळेपर्यंत गप्प बसा.

त्यानंतर तीन महिन्यांची लेखी मुदत ठरवा आणि ती वरिष्ठांकडून मंजूर करून घ्या. एका तरुण सहकाऱ्याला त्यांच्या जोडीला द्या. त्याने संगणकावरची नोंद शिकवायची आणि काकांनी त्याला माल ओळखायला शिकवायचे. काकांकडे आवक तपासणी आणि पुरवठादारांशी बोलणे अधिक ठेवा. दर पंधरा दिवसांनी एकत्र बसून चुका मोजा.

तीन महिन्यांत घडी बसली तर उत्तमच. नाही बसली, तर दुसऱ्या विभागात योग्य काम आहे का ते पाहा. तेही नसेल आणि निरोप देणे भाग पडले, तर तो निरोप माणसाला शोभेल असा द्या. स्वतः सांगा, दुसऱ्याकडून निरोप पाठवू नका. नियमाप्रमाणे देय असलेली प्रत्येक रक्कम वेळेवर मिळेल याची स्वतः खातरजमा करा. शुक्रवारी संध्याकाळी घाईघाईने पत्र हातात देऊ नका. सहकाऱ्यांसमोर त्यांच्या बावीस वर्षांचा मान राखा. आणि महिन्याभराने एक फोन करा. तो फोन करायला जड जाईल. तरीही करा.

असा निर्णयही दुःख देतो. साधनेने ते दुःख नाहीसे होणार नाही, होऊही नये. पण आपण पाहायचे तेवढे पाहिले, ऐकायचे तेवढे ऐकले आणि लपवाछपवी केली नाही, एवढे समाधान जवळ असेल. मग संध्याकाळी तो चेहरा समोर आला, तर त्याच्यासाठी प्रार्थना करता येईल.

आपल्या केंद्रातही

हा पाठ केवळ कार्यालयासाठी आहे असे समजू नका. आपल्या केंद्रातही निर्णय होतात. संयोजक कोण, भोजनव्यवस्था कोणाकडे, मंचावर कोण बोलणार. सेवेला वेतन नसते, म्हणून निवडीला नियमही नकोत असे आपण धरून चालतो. मग जो जवळचा तो पुढे आणि जो गप्प तो मागे, असे होते. वर्षानुवर्षे चपला सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याला काय येते, हे आपण कधी विचारले आहे का? कदाचित एखादा हनुमंत तिथेच बसला असेल, आणि त्याला आठवण करून देणारा जांबवंत आपल्यात नसेल.

या आठवड्याचा अभ्यास

१. तुमच्या हाताखालील किंवा सोबत काम करणाऱ्या एका व्यक्तीची अलीकडची चूक आठवा. पाच कारणांचे पाच रकाने करून प्रत्येकात निदान एक ओळ लिहा.
२. या आठवड्यातील एका बैठकीत आपले मत सर्वांत शेवटी सांगा. काय वेगळे घडले ते वहीत नोंदवा.
३. जो क्वचित बोलतो अशा एका सहकाऱ्याला विचारा, “तुम्हाला कोणते काम करायला आवडेल?”
४. जो निर्णय तुम्ही महिनाभराहून अधिक टाळत आहात, तो लिहून काढा. दहा मिनिटे शांत बसून तीन प्रश्न विचारा आणि तो घेण्याची तारीख ठरवा.
५. रात्री झोपण्यापूर्वी, आज आपल्या शब्दाने ज्याचा दिवस बदलला त्या एका व्यक्तीचे स्मरण करा आणि तिच्या कल्याणाची प्रार्थना करा.

पुढील स्वाध्याय बैठकीत या नोंदींवर चर्चा करावी. कोणाचेही नाव घेऊ नये, केवळ आपण काय शिकलो ते सांगावे.

बंधू-भगिनींनो, अधिकार आपल्याला काही वर्षांसाठी मिळतो. त्या काळात ज्यांची पोटे, घरे आणि मुलांची शिक्षणे आपल्या सहीवर अवलंबून असतात, ती माणसे भगवंताने आपल्या स्वाधीन केलेली आहेत. उद्या सकाळी कामावर जाताना, खुर्चीवर बसण्याआधी, क्षणभर हात जोडा आणि म्हणा : आज माझ्यासमोर जो येईल, त्याला मी नीट पाहीन.